चौथा प्लग

आमच्या अंबडच्या घराच्या मागील अंगणांत, गोठ्यास लागून, एक पत्र्याची पडवी आहे. गोठ्यांत आतां गुरें नाहींत, आणि पडवींत कित्येक वर्षें एक फियाट मोटार उभी होती. घरांतील लहान मुलें तिला 'आजोबांची गाडी' म्हणत व तिच्या फाटक्या गाद्यांवर बसून मुंबई-पुण्याचे प्रवास करून येत. मोठीं माणसें सहसा तिच्याकडे पाहत नसत. आम्ही तर मुद्दाम पाहत नसूं. त्याचें कारण पुढें ओघानें येईलच.

२०२४ च्या चैत्रांत या गाडीचा विषय घरांत निघाला. कुटुंब वाढलें, खोल्या अपुऱ्या पडूं लागल्या, तेव्हां मागल्या अंगणांत दोन खोल्या बांधाव्यात असें ठरलें. पडवी पाडावयाची म्हणजे गाडीचें कांहीं तरी केलेंच पाहिजे. आमचें जिल्ह्याचें ठिकाण जालना हें पोलादाचें गांव आहे. तेथील भट्ट्यांत ठिकठिकाणचें भंगार येऊन वितळतें व त्याच्या घरबांधणीच्या सळ्या होतात. तिकडील एका भंगारवाल्यास बोलाविलें. त्यानें गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली, चाकावर लाथ मारून पाहिली व किलोचा भाव सांगितला. गाडीचें वजन नऊशे किलोंच्या आसपास असावें, तेव्हां हिशेब लगेच झाला. आमचे धाकटे बंधु विनोदानें म्हणाले, "काकांची गाडी सळ्या होऊन आपल्याच नव्या खोल्यांच्या स्लॅबांत परत यायची!" सगळे हांसले. काकू हांसल्या नाहींत.

आमच्या काकू अठ्ठ्याऐशी वर्षांच्या आहेत. घरांतील व्यवहारांत त्या आतां बोलत नाहींत; पण त्या दिवशीं जपमाळ खालीं ठेवून त्या म्हणाल्या, "न्यायची तर न्या. पण एकदां तिचा आवाज मला ऐकवा, मग न्या."

कोणीच उत्तर दिलें नाहीं. शेवटीं आमचा पुतण्या, जो चाकणला मोटारींच्या कारखान्यांत इंजिनियर आहे व त्या वेळीं रजेवर आला होता, तो म्हणाला, "आजी, पंधरा दिवसांत ऐकवतों." तरुण माणसास पंधरा दिवस पुष्कळ वाटतात.

आतां गाडीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आमचे काका वैद्य होते. अंबड, घनसावंगी, परतूर या बाजूच्या खेड्यांतून त्यांस बोलावणीं येत. प्रथम सायकल, मग एक जुनी मोटारसायकल, आणि १९६९ सालीं ही फियाट. त्या काळीं पैसे असले म्हणजे मोटार मिळे असें नव्हतें. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. गाडीचें घराणें इटलीचें, परंतु ती बांधली गेली मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत. तो कारखाना काढणारे शेठ वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांनींच १९४० सालीं बंगळूरास विमानांचा व १९४१ सालीं विशाखापट्टणास जहाजांचा कारखाना आरंभिला होता, आणि १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. हीच ११०० नमुन्याची गाडी पुढें 'पद्मिनी' या नांवानें घरोघरीं झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून जिला सर्व जण ओळखत, ती हीच. त्या टॅक्सींतील शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून उतरली, तेव्हां वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रें आलीं होतीं. काकूंनीं तें पान कापून देवघराच्या फडताळांत ठेवलेलें आम्हीं नंतर पाहिलें.

काकांच्या त्या गाडीशीं आमची ओळख जडली ती १९७२ च्या दुष्काळांत. आम्ही तेव्हां बारा वर्षांचे होतों. जिकडे तिकडे रस्त्यांचीं व खडी फोडण्याचीं सरकारी कामें निघालेलीं, त्यांवर उन्हांत राबणारीं माणसें, आणि दुपारीं वांटली जाणारी सुकडी. काका दर गुरुवारीं व रविवारीं औषधांची पेटी घेऊन एकेका कामावर जात, आणि आम्हांस मागल्या बाजूस बसवीत. आमचें काम पाण्याचा डबा सांभाळण्याचें. चढावर रेडिएटर उकळे व त्यांत पाणी घालावें लागे. जेथें माणसें हंडाभर पाण्यासाठीं कोसभर चालत तेथें गाडीला पाणी पाजावयाची काकांस लाज वाटे. म्हणून घरांतील हात-पाय धुतलेलें पाणी काकू एका फडक्यानें गाळून त्या डब्यांत भरून ठेवीत. तें गढूळ पाणी गाडीनें दोन उन्हाळे प्यालें. जाणत्या माणसास विचारलें असतें तर त्यानें सांगितलें असतें कीं, अशा पाण्यानें इंजिनाच्या पोटांत गंज धरतो. काकांस तें ठाऊक असावें. परंतु त्यांनीं स्वच्छ पाणी कधीं घातलें नाहीं.

१९९९ सालीं काकांस अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा अडखळत राहिली. गाडी पडवींत लागली ती लागली. कांहीं दिवसांनीं त्यांनीं आम्हांस माजघरांत बोलावून घेतलें व मोठ्या कष्टानें, एकेक शब्द जुळवून, सांगितलें कीं, दर रविवारीं पुढून हँडल घालून इंजिन दोन-चार फेरे फिरवावें, महिन्यांतून एकदां प्लग काढून प्रत्येक खान्यांत चमचाभर तेल सोडावें, आणि बॉनेट नीट मिटावें. इंजिन फिरत राहिलें तर तें मरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. आम्हीं "होय" म्हटलें. हातावर हात ठेवून म्हटलें.

पहिले तीन रविवार आम्हीं तें केलें. पुढें परीक्षा आल्या, तपासावयाचे कागद आले, घरांत एक लग्न निघालें; आणि मग तो रविवार विसरण्याची सवय झाली. एकदां तर बॉनेट उघडून आम्ही आंत पाहत असतां कोणी हांक मारली व तें तसेंच अर्धवट टेंकवून आम्ही आंत गेलों. पुन्हां त्याकडे गेलों नाहीं. काका २००३ सालीं गेले. पडवीच्या पत्र्यास वर एक भोंक पडलें होतें, तें नेमकें त्या उघड्या फटीवर होतें, हें आम्हांस कळलें तें गेल्या वर्षीं, वीस पावसाळे होऊन गेल्यावर.

पुतण्यानें बॉनेट वर केलें तेव्हां आंत उंदरांनीं केलेलें कापसाचें घरटें, सुकलेलीं पानें व सगळ्यावर एक तांबूस पुटें चढलेलीं. इंजिन म्हणजे कांहीं मोठें प्रकरण नव्हे. एका रांगेंत चार खाने, प्रत्येक ६८ मिलिमीटर रुंद, आणि चौघांचें मिळून १०८९ घन सेंटिमीटर. प्रत्येक खान्यास ठिणगी देणारा एक प्लग. इंजिन सुरूं करण्याचा विचारही करण्यापूर्वीं हे चारही प्लग काढून त्या भोंकांतून तेल सोडलें पाहिजे. कारण आंत पिस्टन जर कडेस गंजून चिकटला असेल आणि आपण कोरडाच फिरविला, तर कड्या तुटतात व खान्याची भिंत ओरबाडते. पहिला प्लग सहज निघाला. दुसरा व तिसरा कुरकुरत निघाले. चौथा, जो अगदीं मागें, बसण्याच्या जागेच्या भिंतीला लागून होता, आणि ज्याच्यावर पत्र्याच्या भोंकांतलें पाणी वीस वर्षें ठिबकत होतें, तो हलेना.

पुतण्यानें पान्याच्या दांड्यास हातभर लांब नळी जोडली व जोर केला. कट्कन् आवाज आला. आम्हां सर्वांस वाटलें सुटला. परंतु सुटला नव्हता. त्याच्या डोक्यावरील चिनी मातीचा पांढरा भाग तेवढा मोडून बाहेर पडला होता, आणि लोखंडी षट्कोनाच्या कडा पान्याखालीं झिजून गोल होऊं लागल्या होत्या. पुतण्याचा चेहरा उतरला. त्याच्या कारखान्यांत प्रत्येक वस्तु नवी येते; वीस वर्षें न हाललेली वस्तु त्याच्या हाताखालून कधीं गेलीच नव्हती. यांत त्याचा दोष नाहीं.

येथें आम्हांस काकांच्या एका विनोदाची आठवण झाली. वैद्यकांत मंडूर म्हणून एक औषध आहे. जुन्या लोखंडाचें किट्ट, म्हणजे मळ व गंज, तापवून गोमूत्रांत विझवीत शुद्ध करितात व पांडुरोगावर देतात. चरकानें सांगितलेला पुनर्नवामंडूर प्रसिद्धच आहे. रसशास्त्राचे ग्रंथकार म्हणतात कीं, शंभर वर्षांपलीकडचें किट्ट उत्तम, ऐशीं वर्षांचें मध्यम, आणि साठ वर्षांचें कनिष्ठ. गाडीचा एखादा खिळा गंजलेला दिसला म्हणजे काका म्हणत, "अजून औषधाला लागण्याजोगा झाला नाहीं!" त्या हिशेबानें ही पंचावन्न वर्षांची गाडी कनिष्ठ प्रतीसही उतरत नव्हती.

दुसऱ्या दिवशीं आम्ही बाजारगल्लींत जाऊन जुन्या मिस्त्रींस घेऊन आलों. हे मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. त्यांचें स्वतःचें दुकान आतां मुलगा पाहतो. पोरवयांत ते याच गाडीचे प्लग घांसून देत. त्यांनीं गाडीस हात लावण्यापूर्वीं तिच्या बॉनेटवर नुसता तळवा ठेवला. मग मोडका प्लग पाहिला, पुतण्याकडे पाहिलें, व आमच्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, इस पे जबरदस्ती नको करो. वीस साल झोपला आहे. उठायला वेळ लागेल."

पहिलें काम त्यांनीं केलें तें सफाईचें. प्लगच्या भोंवतालच्या खोलगट जागेंतील मळ दांतांच्या जुन्या ब्रशानें उकरून काढला, सायकलच्या पंपानें वारा मारून उडविला. प्लग निघाला तर ही घाण आंत खान्यांत पडतां कामा नये. मळ निघाल्यावर खालीं तांबड्या गंजाबरोबर एक पांढरी भुकटी दिसूं लागली. मिस्त्रींनीं ती बोटावर घेऊन आम्हांस दाखविली. ते म्हणाले, तांबडें दिसतें तें घाबरवायला. धरून ठेवतें तें हें पांढरें.

याचें शास्त्र असें आहे. प्लगचें अंग पोलादाचें, परंतु तो ज्यांत बसतो तें इंजिनाचें हेड ॲल्युमिनियमचें. दोन निराळ्या धातू एकमेकींस टेंकून ओल्या राहिल्या म्हणजे त्यांच्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह चालूं होतो व त्यांतील एक धातु झिजूं लागते. या जोडींत झिजतें तें ॲल्युमिनियम. त्याची पांढरी राख आट्यांच्या बारीक फटींतून भरून बसते. शिवाय लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षां दुपटीपासून पुढें कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यास जावयास जागा नसली म्हणजे तो पाचरीसारखा ठोकून बसतो. म्हणजे बळ लावून प्लग फिरविला तर एक तर प्लग मधोमध तुटेल, नाहीं तर ॲल्युमिनियमचे मऊ आटे त्याच्याबरोबर सोलून बाहेर येतील. आम्हीं आयुष्यभर मुलांस संधि सोडविण्यास शिकविलें. दोन पदें कोठें व कशानें जुळलीं आहेत तें न पाहतां जो ओढाताण करितो त्याच्या हातांत दोन्ही पदांपैकीं एकही धड येत नाहीं, हें आम्ही पाटीवर लिहून दाखवीत असूं. मोटारीसही तो नियम लागूं असेल असें वाटलें नव्हतें.

पुतण्यानें गॅसची ज्योत लावावी अशी सूचना केली. मिस्त्री एकदम नाहीं म्हणाले. एक तर जुन्या टाकींत व नळ्यांत पेट्रोलाचा अंश असतो. दुसरें, लोखंड तापलें म्हणजे लाल होऊन सांगतें. ॲल्युमिनियम कांहींच न सांगतां एकदम वितळतें. मग त्यांनीं मुलाकडून दोन बाटल्या आणविल्या. एकींत ॲसिटोन, दुसरींत आधुनिक गाड्यांच्या गियरपेटींत घालतात तें पातळ तांबडें तेल. दोन्ही समभाग एकत्र करून, डोळ्यांत औषध घालण्याच्या नळीनें प्लगच्या मुळाशीं पांच थेंब सोडले. मिश्रण इतकें पातळ कीं फटींत झिरपतें. ॲसिटोन उडून जातें, तेल आंत राहतें. नंतर एक पितळी सळई षट्कोनावर टेंकवून लहानशा हातोडीनें टिक् टिक् असे वीसेक ठोके दिले. अगदीं हलके. शेजारच्या खोलींत निजलेल्यास जाग येऊं नये इतके. त्या कंपानें राखेच्या थरास बारीक तडे जातात व तेल त्यांत शिरतें.

"आतां हें रोज सकाळ-संध्याकाळ करायचें," ते म्हणाले, "आणि पाना लावायचा नाहीं."

"किती दिवस?" पुतण्यानें विचारलें.

"गुरुजींना ठाऊक असेल. वीस वर्षांचे किती दिवस होतात?"

हें ते थट्टेनें बोलले. परंतु आमचा चेहरा पाहून पुढें कांहीं बोलले नाहींत.

तें काम आम्हीं आपल्याकडे मागून घेतलें. सकाळीं स्नानसंध्या झाली कीं पडवींत जावें, पांच थेंब, वीस ठोके. सायंकाळीं पुन्हां तेंच. अकरा दिवस हा क्रम चालला. पुतण्याची रजा संपत आली व त्यानें आणखी आठ दिवस वाढवून घेतली. मधल्या वेळांत त्यानें गाडीच्या कागदपत्रांचा शोध घेतला. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं नवी करावी लागते, ती आमच्या गाडीची केव्हांच संपलेली होती. परंतु २०२१ सालीं केंद्र सरकारनें नवे नियम केले असून त्यांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी व मूळ रूपांत राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदवितां येते. शुल्क वीस हजार रुपये, आणि रोजच्या वापरास ती काढावयाची नाहीं. म्हणजे भंगारवाला जेवढे देणार होता जवळजवळ तेवढेच आपण भरावयाचे. बंधूंनीं हा हिशेब ऐकून नुसता चष्मा पुसला.

बाराव्या दिवशीं मिस्त्री आले. प्लगच्या गोल झालेल्या कडांवर बारा कोनांचा पाना घसरतो. म्हणून त्यांनीं सहा कोनांचा एक जुना, आंखूड पाना आणला होता, तो हातोडीनें षट्कोनावर घट्ट बसविला. प्रथम सोडण्याच्या दिशेनें नव्हे तर आंवळण्याच्या दिशेनें किंचित् दाबला. मग सोडण्याच्या. पुन्हां आंवळण्याच्या. प्लग हालला नाहीं. मिस्त्रींनीं पाना काढून ठेवला व आमच्या अंगणाकडे पाहून विचारलें, "गुरुजी, तुमच्याकडे बंब होता ना?"

होता म्हणजे आहेच. तांब्याचा मोठा बंब. सोलर आल्यापासून तो न्हाणीघराच्या कोपऱ्यांत उभा असे, दिवाळींत तेवढा पेटे. मिस्त्रींची युक्ति अशी कीं, इंजिन चालूं असतें तर तापून हेड प्रसरण पावलें असतें. तें चालूं नाहीं, तर त्यास बाहेरून कढत पाण्यानें तापवावें. ॲल्युमिनियम तापल्यानें पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें, म्हणून भोंक किंचित् मोठें होतें व प्लग तेवढा फुगत नाहीं. आम्हीं पाटीवर गणित मांडून पाहिलें. प्लगचा व्यास १४ मिलिमीटर, उष्णतेची वाढ साठ अंश धरिली, तर दोहोंतील फरक निघाला ०.००९ मिलिमीटर. डोक्याच्या केसाच्या जाडीचे सात-आठ भाग केले तर त्यांतील एक. एवढ्याशा फटीवर सगळी भिस्त.

बंब पेटला. घरांतील सुनांनीं हंडे, कळशा, पातेलीं काढलीं. मिस्त्रींनीं हेडच्या पुढल्या तोंडावरील रबरी नळ व आंतील थर्मोस्टॅट काढून तेथें नरसाळें लावलें. खालची तोटी उघडी ठेवली, म्हणजे वरून ओतलेलें पाणी सबंध इंजिनाच्या पोटांतून फिरून खालीं जावें. आधीं कोमट पाणी, मग जरा कढत, मग उकळतें. थंड बिडास एकदम उकळतें पाणी लागलें तर तें तडकतें. पहिल्या हंड्याचें पाणी खालून बाहेर आलें तें चहासारखें, तांबडें, गढूळ. धाकटीं मुलें ओरडलीं. आम्ही मात्र त्याकडे पाहतच राहिलों. बाहत्तर सालचें तें हात-पाय धुतलेलें पाणी जणूं आतां बाहेर येत होतें.

काकू कट्ट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. दुसरा बंब तापेपर्यंत आम्ही त्यांच्यापाशीं जाऊन उभे राहिलों. पंचवीस वर्षें जें बोललों नव्हतों तें बोलावें असें मनांत आलें.

"काकू," आम्ही म्हणालों, "काकांनीं मला दर रविवारीं हँडल फिरवायला सांगितलें होतें."

"मला ठाऊक आहे."

"मीं तें केलें नाहीं."

"तेंही ठाऊक आहे. तीन रविवार केलेंस. चौथ्या रविवारीं तूं आला नाहींस. मी खिडकींत बसून मोजीत होतें." थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते दर रविवारीं खुणेनें विचारायचे. मी सांगायची, फिरवलें म्हणून. चार वर्षें सांगत होतें. खोटें बोलल्याचें माझ्याही माथीं आहेच कीं. जा, पाणी उकळलें बघ."

आम्ही गेलों. याहून अधिक त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं, आणि आम्हांस कांहीं सुचलें नाहीं. त्या चार वर्षांत, दर रविवारीं, काकांनीं समाधानानें डोळे मिटले असतील. तें समाधान आमच्या कष्टाचें नव्हतें, तर त्या माउलीच्या असत्याचें होतें. धर्मशास्त्रांत यास काय म्हणतात तें शोधण्याच्या भानगडींत आम्ही पडलों नाहीं.

चौथा खाना अगदीं मागें असल्यामुळें ऊब तेथवर पोंचावयास वेळ लागला. तिसऱ्या बंबाचें पाणी ओतून झालें तेव्हां मिस्त्रींनीं हेडवर थुंकीचें बोट लावून पाहिलें, आणि पुतण्याला हांक दिली. त्यानें फडक्यांत बांधलेला बर्फ प्लगच्या माथ्यावर धरला, तो दोन मिनिटें तसाच धरून ठेवला. भोंक तापलेलें व प्लग निवालेला, असें झाल्याबरोबर बर्फ दूर करून मिस्त्रींनीं पाना बसविला. आंवळण्याकडे दाब. सोडण्याकडे दाब. त्यांच्या मनगटावरची शीर ताणलेली आम्हांस दिसत होती, पण खांदा हालत नव्हता. जोर ते मोजून देत होते. मग एक बारीक, कोरडा आवाज आला. जुन्या दाराची बिजागरी कुरकुरते तसा.

"हालला," ते म्हणाले.

पुतण्या आनंदानें पुढें झाला, तर त्यांनीं डाव्या हातानें त्यास थोपविलें. जेवढा सुटला होता तेवढा पुन्हां आंवळला, पांच थेंब सोडले, पुन्हां सोडला, या वेळीं किंचित् अधिक. अष्टमांश फेरा पुढें, अर्धा तितका मागें, पुन्हां तेल. असें करीत करीत तो दीड पेर लांबीचा तुकडा बाहेर यावयास पाऊण तास लागला. घाई केली असती तर आट्यांतली राख पुढें साठून त्यानें तो पुन्हां आवळून धरला असता. शेवटचे दोन फेरे मात्र मिस्त्रींनीं पाना काढून बोटांनीं दिले व प्लग आमच्या तळहातावर ठेवला. तो अजून ऊन होता. खालच्या टोंकाचे दोन आटे ॲल्युमिनियम चिकटून पांढरे झाले होते. बाकीचे शाबूत होते. भोंकांतीलही आटे, दोन ओरबाडले तेवढे सोडल्यास, धड होते.

पुतण्यानें तारेच्या टोंकास असलेला बारीक कॅमेरा त्या भोंकांतून आंत सोडला. फोनच्या पडद्यावर पिस्टनचें वर्तुळ दिसलें, आणि त्याच्या कडेस नारिंगी गंजाचें एक कडें. फार खोल नव्हतें. चारही खान्यांत तेल सोडून चार दिवस तसेच ठेवले. पांचव्या दिवशीं, रविवार होता, मिस्त्रींनीं हँडल आमच्या हातांत दिलें. आम्हीं दोन्ही हातांनीं धरून अलगद दाबलें. कांहीं नाहीं. उलट दिशेस नेलें. पुन्हां दाबलें. तेव्हां पुढच्या पंख्याचें एक पातें, ज्यावर कोळ्याचें जाळें होतें, तें जाळें तोडून वितभर खालीं गेलें.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगावयाची म्हणजे टाकी, नळ्या, कार्बोरेटर, विजेच्या तारा, पाण्याचा पंप हें सर्व करावयास आणखी दोन महिने लागले, आणि त्यांत जो खर्च झाला तो आम्हीं घरांत कोणास सांगितलेला नाहीं. आषाढांतल्या एका सकाळीं इंजिन सुरूं झालें. प्रथम धुराचा एक मोठा पांढरा लोट निघाला, चार-सहा वेळां तें खोकलें, आणि मग लागलें. काकू कट्ट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. कोणी बोललें नाहीं. पांच-सात मिनिटांनीं डोळे उघडून त्या म्हणाल्या, "आतां बंद करा. पेट्रोल जळतें आहे."

पुतण्यानें चावी फिरविली.

भंगारवाला त्यानंतर दोनदां येऊन गेला. दुसऱ्या खेपेस त्यास बंधूंनींच चहा पाजून परत पाठविलें. खोल्या दोन व्हावयाच्या होत्या तेथें सध्यां एकच होत आहे. पडवीच्या पत्र्याचें भोंक बुजविलें. मोडका प्लग काकूंनीं मागून घेतला व तो देवघराच्या फडताळांत, त्या वर्तमानपत्राच्या कात्रणावर, ठेवला आहे. रविवारीं हँडल आम्ही फिरवितों. काकू खिडकींत असतात.